गोळ्यांचे वाहतूक नियंत्रक

आमच्या शहरात जेवढे म्हणून डॉक्टर आहेत ते सगळे एकाच पेशंटला घाबरतात, आणि तो पेशंट म्हणजे माझे सासरे. यात थोडी अतिशयोक्ती आहे, कारण शहरातले सगळे डॉक्टर अजून त्यांचे पाहून झालेले नाहीत; पण ज्यांनी ज्यांनी त्यांना तपासलं, त्यांच्यातला एकही पुन्हा पूर्वीसारखा निवांत राहिलेला नाही. मामा (आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात) दवाखान्यात शिरले की आधी स्टूल डॉक्टरच्या टेबलाला टेकेपर्यंत पुढं ओढतात, पिशवीतून शंभर पानी वही काढतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "हं, बोला." वास्तविक हे वाक्य डॉक्टरचं. एका तरुण डॉक्टरचा यामुळं इतका गोंधळ झाला की त्यानं स्वतःच्या पाठदुखीबद्दल सांगायला सुरुवात केली. मामांनी ती वहीत टिपून घेतली आणि पुढच्या खेपेला आपला रक्तदाब तपासून घेण्याआधी त्याला विचारलं, "पाठ कशीय आता?"

मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. मध्यवर्ती बसस्थानकावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून त्यांनी आयुष्यभर गाड्या लावल्या आणि सोडल्या. सिल्लोडमार्गे अजिंठ्याला जाणाऱ्या गाडीची घोषणा ते अशा आवाजात करायचे की ज्यांना पैठणला जायचंय तेही क्षणभर अजिंठ्याच्या गाडीकडं वळायचे. निवृत्तीनंतर केबिन सुटली, पण घोषणा सुटल्या नाहीत. हर्सूलच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरातून सकाळी सातला आवाज येतो, "उपाशीपोटीची गोळी ओट्यावर लागलेली आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी." संबंधित म्हणजे ते स्वतःच, घरात दुसरं कुणी नाही. मग गोळी घेतल्याची वेळ वहीत चढते, साखर चढते, रक्तदाब चढतो (म्हणजे वहीत चढतो), आणि शेवटच्या रकान्यात शेरा येतो. "वेळेवर." "सात मिनिटं उशिरा, दूधवाला बोलत बसला." एकदा नुसतंच, "आज करमत नाय," असा शेरा होता. मी विचारलं, हा काय तब्येतीचा भाग आहे का? तर म्हणाले, "जावईबापू, मग काय डेपोचा भाग हाय?"

जावई म्हणून माझा जो काही मान आहे तो त्यांनी पहिल्याच धोंड्याच्या महिन्यात उतरवून ठेवला. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे तेहतीस धोंडे वाढायचे, ही आपली रीत. मी सकाळपासून पोट रिकामं ठेवून गेलो होतो. पाटावर बसलो, औक्षण झालं, आणि चांदीच्या नाही पण घासूनपुसून लख्ख केलेल्या ताटात तीन धोंडे आले. बाकीचे कुठं आहेत म्हणून मी इकडंतिकडं बघतोय तोवर मामांनी खिशातून शिंप्याची टेप काढली आणि भरल्या ताटावर माझ्या कमरेभोवती गुंडाळली. आकडा मोठ्यानं वाचला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "तीन ताटात, तीस तुमच्या कमरेवर आधीच बसलेत. हिशेब पुरा झाला." सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मामा आत गेल्याची संधी साधून त्यांनी माझ्या ताटात चौथा ढकलला आणि वर तुपाची धार सोडली. फार गोड बाई होती ती.

तेव्हा हे टेपबिप फक्त गमतीपुरतं होतं. मामा खरे पिसाटले ते सासूबाई गेल्यावर. एका दुपारी सासूबाईंना अचानक घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं, म्हणून आम्ही त्यांना घेऊन दवाखान्यात धावलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी साधा प्रश्न विचारला, "यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत?" ज्या माणसाला डेपोतली गाडी नुसत्या हॉर्नवरून ओळखू यायची, तो माणूस म्हणाला, "एक पांढरी हाय. एक गुलाबी. आन् अर्धी संध्याकाळी." त्या बाई पेन हातात धरून थांबल्या. ते थांबणं मामांना आजतागायत विसरता आलेलं नाही. सासूबाई तिसऱ्या दिवशी गेल्या. नाव माहीत असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आम्हीही शंभरदा सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तेराव्यानंतर बाजारातून शंभर पानी वह्यांचा गठ्ठा आणला.

त्यानंतर हर्सूल तलावाच्या बाजूला सकाळी फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या आयुष्यातली शांतता संपली. मामा एका कट्ट्यावर रक्तदाबाचं यंत्र मांडून बसायचे, पण कुणाचा रक्तदाब स्वतः मोजायचे नाहीत. "पट्टा तुमचा तुम्ही बांधा. दंड तुमचा हाय." वाचता येत असेल त्यानं गोळीचं नाव पाठ करायचं, नसेल त्यानं ओळखायची दुसरी खूण शोधायची. आणि डॉक्टरला तीन प्रश्न विचारल्याशिवाय उठायचं नाही: ही कशासाठी, कुठवर घ्यायची आणि नाही घेतली तर काय होईल. डॉक्टर आपल्याला सोडून सोबतच्या पोराशी बोलायला लागला, तर खुर्ची पुढं ओढायची आणि म्हणायचं, साहेब, दुखणं इकडं आहे.

या शाळेतले सगळ्यांत वात्रट विद्यार्थी म्हणजे खलीलभाई. जन्म शिवणकामात गेलेला, जीभ कात्रीसारखी चालणारी. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, हा मामांचा नियम म्हणजे त्यांना जन्मठेपच. दुसऱ्याच मिनिटाला ते म्हणायचे, "मामा, बोलने नहीं दिए तो मेरा प्रेशर और बढ़ता." गोळीचं नाव विचारलं की, "नाम नक्को पूछो मेरेकू, अंधेरे में सुई में धागा डालने बोलो, डालता मैं." मामा ऐकायचे नाहीत. शेवटी खलीलभाईंनी चारही गोळ्यांची नावं गाण्याच्या चालीवर बसवली आणि आता ते ती न विचारताही म्हणतात. लोक रस्ता बदलतात.

आणि बायजाबाई. अर्धं आयुष्य मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेली, आता मुलाकडं हर्सूलला राहणारी. अक्षरओळख नाही. मामांना वाटलं, हिला गोळ्या कशा शिकवाव्यात? तर तीच म्हणाली, "दुसऱ्याच्या कळपात घुसलेलं माझं मेंढरू मी लांबून वळखते. ह्या चार गोळ्या वळखणार नाय व्हय?" आणि तिनं मेंढरांना करतात तशा खुणा गोळ्यांच्या पाकिटांवर गेरूनं केल्या. सकाळच्याला एक बोट, रात्रीच्याला दोन, जेवणानंतरच्याला आडवा पट्टा. सुनेनं एकदा चुकून पाकिटं सरमिसळ केली तेव्हा घरात शिकलेली चार माणसं होती, पण निवाडा बायजाबाईनं केला. पुढं दवाखान्यात जाऊन तिनं तिन्ही प्रश्न एका दमात विचारले, "ही कशापायी? कवर घ्यायची? आन् नाय घेतली तर काय हुईल?" डॉक्टर म्हणाले, "आजी, हे कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "आमच्या कंट्रोलरनं." डॉक्टरांनी एक उसासा सोडला आणि विचारलं, "हर्सूलचे का?"

तर असा हा माणूस. आणि अशा माणसाच्या हातून ती चूक झाली. ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती, कारण त्यासाठी उभा जन्म एसटीत काढावा लागतो. मामांच्या केबिनचा एक कायदा होता: फेरी रद्द करायची नाही. गाडी दोन तास उशिरा सोडा, चार तास उशिरा सोडा, पण सोडा, कारण कुठल्यातरी फाट्यावर कुणीतरी बोचकं घेऊन उभं असतं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्यांनी कट्ट्यावरच्या मंडळींची दौलताबादची सहल काढली. अर्ध्या तिकिटात जायचं, किल्ल्याच्या पहिल्या दरवाजापर्यंत चालायचं, दम किती लागला ते वहीत लिहायचं आणि परत. आदल्या दिवशी कुणाला काय चालतं, काय नाही याच्या याद्या करण्यात त्यांची रात्रीची गोळी राहिली. सकाळी सगळ्यांचे डबे तपासण्यात सकाळची राहिली. दुपारी घरी येऊन बघतात तर स्टीलच्या डब्यात रक्तदाबाच्या दोन गोळ्या तशाच बसलेल्या, आणि तिसरीची वेळ झालेली. मामांनी केबिनचा कायदा लावला. तासाभरानं जेवून हात धुवायला अंगणातल्या नळावर वाकले, सरळ उभे राहिले आणि तिथंच कोसळले.

दारावरून जाणाऱ्या बायजाबाईनं पाहिलं. तिनं त्यांना उठवून बसवलं नाही, आडवंच ठेवलं, पायाखाली गव्हाचं पोतं सरकवलं, गल्लीतल्या एका पोराला रिक्षा आणायला पिटाळलं आणि वही उचलून पदरात बांधली. दवाखान्यात तिनं ती वही डॉक्टरांपुढं उघडून धरली. तिला वाचता येत नव्हतं, पण आजचं पान कोणतं हे माहीत होतं. त्या पानावर मामांच्या वळणदार अक्षरात शेवटची नोंद होती: "१२.४०. तीन फेऱ्या एकदम सोडल्या." काय झालंय ते शोधायला डॉक्टरांना दोन मिनिटंही लागली नाहीत.

कपाळाला तीन टाके आणि मनगटाला प्लास्टर, एवढ्यावर निभावलं. पण आमच्या घरच्या लोकांना वहीनं जीव वाचवला हे दिसलं नाही, गोळ्यांनी पाडलं एवढंच दिसलं. मेहुणा पुण्याहून त्याच दिवशी आला. भला माणूस, पण घाबरलेला. आणि घाबरलेली माणसं फार भराभर निर्णय घेतात. मामांना तो अप्पा म्हणतो आणि माझ्या बायकोला ताई. "अप्पा आता एकटे राहणार नाहीत. प्लास्टर निघेपर्यंत ताईकडं, मग पुण्याला माझ्याकडं. गोळ्यांचा डबा आजपासून ताईकडं." मामा कॉटवर बसून होते. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "बरोबर आहे." मी जावई आहे, मी काहीच बोललो नसतो तरी चाललं असतं. पण बोललो.

डबा आमच्या फ्रीजवर गेला. बायको दिवसातून तीनदा त्यांच्या तळहातावर गोळी ठेवायची, पाण्याचा पेला द्यायची, आणि ते निमूटपणे गिळायचे. कोणती, कशाची, काही विचारायचे नाहीत. घोषणा बंद. वही पिशवीत. आमच्याकडं आल्यावर मला कमरेवरून टोमणा मारतील म्हणून मी पहिले चार दिवस पोट आत ओढून हिंडत होतो. पाचव्या दिवशी लक्षात आलं की ते बघतच नाहीयेत. बायको म्हणायची, "अप्पा किती शहाण्यासारखे राहतात ना आता." असं म्हणताना तिचाच चेहरा उतरायचा.

महिन्याभरानं मनगट दाखवायला मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टर नवे होते, मामांची कीर्ती त्यांच्या कानावर नव्हती. त्यांनी मला विचारलं, "बाबांना झोप लागते का?" मी म्हणालो, "हो, लागते." "भूक?" "बरी आहे." "चिडचिड?" "छे, अगदी शांत." मामा मागं भिंतीशी खुर्चीवर बसले होते. त्यांनी खुर्ची पुढं ओढली नाही. रिक्षात बसल्यावर, टीव्ही सेंटरचा चौक मागं गेल्यावर ते हलकेच म्हणाले, "जावईबापू, मला महिना झाला झोप नाय. तुमाला कसं कळलं, लागते म्हणून?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. इतकी लाज मला आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

त्याच आठवड्यात बायजाबाई आणि खलीलभाई आमच्या घरी येऊन धडकले. बायजाबाईच्या गोळ्या बदलल्या होत्या, खुणा नव्यानं करायच्या होत्या. तिनं पाकिटं मामांच्या पुढ्यात ठेवली. मामा म्हणाले, "जावईबापूंना इचारा. मला काय कळतंय आता?" खलीलभाई चक्क गप्प झाले. बायजाबाई मात्र माझ्याकडं वळली. "पाव्हणं, मेंढरू एक डाव खड्ड्यात पडलं म्हणून त्याचं पाय बांधून ठिवत नसतेत. बांधलं की ते चरायचं सोडतंय. मंग मरतंय." माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आणि पुन्हा पडले तर?" बायजाबाई म्हणाली, "पडतील की. तू काय पडणार नायस व्हय?"

मी फ्रीजवरून डबा काढला आणि मामांच्या मांडीवर ठेवला. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मेहुण्यानं फोनवर बरंच सुनावलं, आणि ते ऐकून घेण्यासारखंच होतं, कारण भीती मलाही वाटत होती. आजही वाटते. मामांनी डबा उघडला, एकेक पाकीट चष्म्याजवळ नेऊन वाचलं आणि एक बाजूला काढलं. "ही जेवणाआधीची हाय. ताई महिनाभर जेवणानंतर देत होती. लेकरू घाबरलेलं होतं, म्हणून मी बोललो नाय."

प्लास्टर निघालं त्या दिवशी ते पुण्याला न जाता हर्सूलला परतले. दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम कट्ट्यावर गेलो. मामा उभे राहिले आणि बसस्थानकावरच्या त्या जुन्या आवाजात सांगितलं, "सर्वांनी नोंद घ्यावी. राहिलेली गोळी पुढच्या गोळीबरोबर घेतली, ही माझी चूक झाली. गेलेली गाडी गेली. तिच्या मागं धावायचं नाय, दोन एकदम सोडायच्या नाय. डॉक्टरला नायतर औषधवाल्याला फोन करून इचारायचं." खलीलभाईंनी टाळ्या वाजवल्या. तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की जन्मभर एकही फेरी रद्द न केलेल्या माणसाला हे वाक्य उच्चारणं किती जड गेलं असेल. मला ठाऊक होतं, आणि मी बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून खाली वाकलो.

घरी परतताना त्यांनी माझ्याकडून एक वचन घेतलं. "मला जमंनासं होईल असा दिवस येणार हाय, जावईबापू. मी काय येडा नाय. पण तो दिवस आला का नाय, ते मी सांगणार. तुमी ठरवायचं नाय, पुण्यानं ठरवायचं नाय." मी हो म्हणालो. मेहुण्यालाही म्हणायला लावलं.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. मधल्या काळात कट्टा वाढला. मामांनी माझी कमर दोन इंचांनी आत आणली आणि तिसऱ्या इंचावर आमचं भांडण सुरू आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी आणि बायको हर्सूलला गेलो होतो. चहा झाला. मामांनी डबा काढला, त्यातलं रात्रीच्या गोळीचं पाकीट वेगळं केलं आणि माझ्यापुढं धरलं. "ही घेतली का नाय, ते रात्रीच्याला ध्यानात राहत नाय आता. वही बघितली, ह्या महिन्यात चारदा घोळ झाला. सकाळच्या, दुपारच्या माझ्याकडंच राहतील. ही तेवढी आजपासून तुमच्याकडं." एवढं बोलून ते शांतपणे चहाचे कप विसळायला उठले.

जो डबा मी एकदा "बरोबर आहे" म्हणून त्यांच्यापासून दूर नेला होता, त्यातलं एक पाकीट त्यांनी आपण होऊन माझ्या हातात दिलं होतं. मी आता रोज संध्याकाळी वाळूजच्या कामावरून सुटलो की आधी हर्सूलला जातो, त्यांचं जेवण होईपर्यंत बसतो, गोळी देतो, दोन गप्पा मारतो आणि मग घरी येतो. ते कधी उशीर झाला म्हणून बोलत नाहीत. पण त्या रविवारी, स्वयंपाकघरात कप विसळल्याचा आवाज येत होता, बायको खिडकीबाहेर बघत होती, आणि मला ते पाकीट अजिबात घ्यायचं नव्हतं. मी घेतलं. त्यांनी सांगितलं होतं म्हणून घेतलं.